शेवंतीच्या वाट्याचा अंधार

माणिकबाईची झोप गेली त्याला तिसरं वर्ष लागलं होतं, आणि सहदेवचा असा पक्का समज होता की ती मुद्दाम झोपत नाही.

माणूस मुद्दाम कसा जागेल, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "माही बायको हाय. चाळीस वर्षं झाले. मले नाई माईत तं कोणाले माईत?"

नांदगाव खंडेश्वरहून पांदीच्या कच्च्या वाटेने आत गेलं की त्याचं वावर लागायचं. एकुलती एक लेक हर्षा अकोल्यात दिलेली. गावातलं घर धाकट्या भावाला देऊन नवरा-बायको वावरातच राहत, टिनाच्या दोन खोल्यांत. सहदेवचा बाप वांगी, मिरच्या लावायचा. सहदेवने फुलं धरली. आधी झेंडू, मग शेवंती. शेवंतीने त्याला नाव दिलं. अमरावतीच्या फूलबाजारात सहदेवचं गाठोडं सुटलं की हारवाले बाकीच्यांची गाठोडी तशीच सोडून त्याच्याकडे वळत.

ते नाव बल्बांमुळे झालं होतं. अकोल्याला एकदा फूलशेतीचं शिबिर होतं. तिथल्या मास्तरांनी सांगितलं की शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली की तिला कळतं, आता कळी धरायची. म्हणून सगळ्यांची शेवंती दसरा-दिवाळीला एकदमच येते आणि बाजारात तुडवली जाते. तेव्हा रात्रीच्या मध्यावर झाडांवर चार तास उजेड ठेवा. झाडाला वाटतं, अजून दिवस मोठेच आहेत. ते नुसतं वाढत राहतं. मग तुम्हाला फूल हवं त्याच्या दोन महिने आधी उजेड बंद करा. माघातल्या लग्नाला फूल हजर!

सहदेव सातवीपर्यंत शिकलेला, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. घरी येऊन त्याने बांबू रोवले, तारा ओढल्या आणि वाफ्यांवर बल्बांच्या ओळी टांगल्या. मास्तरांनी चार तास सांगितले होते. सहदेवने रात्रभर ठेवले. उजेड असला की रानडुकरं वाफ्यात शिरत नाहीत, असा त्याचा हिशेब. श्रावणात बल्ब लागायचे ते मार्गशीर्ष लागेपर्यंत रोज सांजेपासून उजाडेपर्यंत जळायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वावरात कोणाचं लग्न आहे.

घराची एकच खिडकी, ती शेवंतीकडे. खिडकीखाली माणिकबाईची बाज, कारण पहाटे आधी तिला उठावं लागे. सहदेवची बाज आत, धान्याच्या कणगीच्या आडोशाला. तो दुपट्टा तोंडावर ओढायचा, भिंतीकडे कूस करायचा आणि घोरायला लागायचा.

पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "अवो, तो लाईट डोळ्यात जाते माह्या. मिटले तरी आत पिवळंच दिसते."

"मिटल्यावर कोणाले दिसते का? मांजर हायेस का तू?"

"दिसते म्हनून तं सांगून राहिली."

"वय झालं तुहं. म्हातारपणी झोप कमीच असते."

तिने एक दिवस खिडकीवर जुनं लुगडं बांधलं. रात्री सहदेव पाणी प्यायला उठला आणि त्याला बाहेरचं काही दिसेना. त्याची एक सवय होती. रात्रीतून एकदा उठून खिडकीतून बल्बांवर नजर फिरवायची. एखादा गेला असेल तर त्याखालची झाडं आधीच कळ्या धरत आणि वाफ्यात मधेच टक्कल पडल्यासारखी वेळेआधीची फुलं येत. त्याने लुगडं ओढलं. जुनंच होतं, मधोमध टर्रकन फाटलं. माणिकबाई बाजेवर उठून बसली होती. सकाळी तिने त्या लुगड्याची पायपुसणी शिवली.

तेव्हापासून ती बल्बांचं नाव काढेनाशी झाली, आणि सहदेवला वाटलं, बाईची समजूत पटली.

पण झोप ती झोपच. रात्री आली नाही तर दिवसा वसूल करते. माणिकबाई हार ओवताना डुलायला लागली. सुई बोटात जायची, पिवळ्या झेंडूवर लाल ठिपका उमटायचा. शेजारच्या वावरातली पार्वताबाई मदतीला यायची, ती हसून म्हणायची, "माणिकबाई, हार ओवून राहिली का पाळणा हलवून राहिली वो?" भाजीत दोनदा मीठ पडायचं. कधी अजिबातच नाही. सहदेव ताट सरकवून म्हणायचा, "तुह्या मनात हाय तरी काय? नसन राहाचं माह्याजवळ तं तसं सांग."

बल्ब बंद झाले की महिनाभरात तिला जरा झोप लागायची. तेव्हा लग्नसराई तोंडावर असायची. सहदेव टोमणा मारायचा, "पाय, गिऱ्हाईक आलं का कशी मस्त झोप लागते बाईले!"

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात हर्षाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि माणिकबाई लेकीकडे अकोल्याला गेली. हर्षाच्या घरी मागच्या बाजूला एक खोली होती. शेजारच्या इमारतीची भिंत अगदी खेटून, त्यामुळे तिथे रात्री काळोख असायचा. आठ दिवसांनी हर्षाचा फोन आला.

"बाबा, आई काय झोपते वो! काल नऊला आडवी झाली ते सहाला उठली. अन् घोरते पण! मनोज म्हनत होते, ट्रक चढून राहिला का घाटात?"

हर्षा हसत होती. सहदेवने फोन ठेवला. चाळीस वर्षं ज्या नवऱ्याबरोबर राहिली त्याच्या घरी डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लेकीच्या घरी घोरते? म्हणजे आपण एवढे नकोसे झालो?

त्याला दुसरा अर्थ सुचलाच नाही. रात्री मधेच उठून बल्ब पाहणारा तो माणूस, बल्बांकडेच पाहत त्याने विचार केला की बायकोचं मन उडालं.

दसऱ्याचा झेंडू तोडायचा म्हणून तो तिला न्यायला गेला. जावई समोर बसलेला. मनोज साधा माणूस, शाळेत क्लार्क. तो म्हणाला, "मामा, राहू द्या ना अजून पंधरा दिवस. चेहऱ्यावर तेज आलं आईच्या."

सहदेव म्हणाला, "हो ना. पोरीच्या घरी झोपा लागतेत. नवऱ्याच्या घरी काटे टोचतेत."

मनोजने मान खाली घातली. हर्षा "बाबा!" म्हणाली. माणिकबाई उठली, पिशवी भरली आणि चपला घालून दाराशी उभी राहिली. गाडीत अकोल्यापासून बडनेऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. घरी आली, आणि चौथ्या दिवसापासून पुन्हा तेच. डोळे खोल गेले. हाक मारली तर उशिरा ओ द्यायची.

दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. झेंडूचं गाठोडं मोटारसायकलच्या टाकीवर, दोन पिशव्या हँडलला, मागे माणिकबाई मांडीवर हारांची टोपली घेऊन. सहदेव भल्या पहाटे अमरावतीला निघाला. हार विकायला ती लागायचीच. तिच्या हातचा हार कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही, म्हणून गिऱ्हाईक तिलाच शोधत यायचं.

बडनेरा जवळ आलं होतं. फटफटत होतं. सहदेव मान न वळवता बोलत होता. पाच-सात हार देवीसाठी वेगळे ठेव म्हणाला. शेजारच्या वावरातल्या नत्थुजीचा झेंडू यंदा डागाळला म्हणाला. मग म्हणाला, "अन् आज गिऱ्हाइकासमोर पेंगू नको. लोक हासतेत." मागून उत्तर आलं नाही. रुसली असेल, असं त्याला वाटलं. मग त्यालाच राहवलं नाही. "चहा घेतं का?" त्याने विचारलं. टपरीशी गाडी थांबवली, पाय टेकवला आणि मागे पाहिलं.

सीट रिकामी होती.

तो आला तसा उलटा पळाला. गाडी तिथेच पडली, गाठोडं फुटलं. बरंच मागे, रस्त्याच्या कडेला, मुरुमावर ती बसली होती. डोक्यातून रक्त येत होतं, उजवा हात कोपरापासून भलताच वळलेला. एक दूधवाला तिला पाणी पाजत होता. आसपास हार पसरलेले. ती सहदेवला म्हणाली, "मले डुलकी लागली वो. तुमी बोलून राहिले होते, तेवढं ऐकू आलं."

अमरावतीत राजापेठेतल्या दवाखान्यात टाके पडले, हाताला प्लास्टर झालं. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला मार आहे, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर, खाली ट्यूशन क्लास, पोरापोरींच्या स्कूटरी जिन्यापर्यंत लागलेल्या. हर्षा अकोल्याहून धावत आली होती. तिघं आत गेले. डॉक्टर बाई होत्या. हर्षाच्याच वयाच्या. दारावर पाटी होती, डॉ. गीतांजली.

"कशा पडलात?"

सहदेव म्हणाला, "डुलकी लागली तिले."

"रात्री झोप किती वेळ लागते?"

"नाईच लागत. तीन वर्षं झाले. टेन्शन घेते."

"काका, मी काकूंना विचारतेय."

सहदेव खुर्चीत मागे सरकला. माणिकबाईने खाली पाहत सांगितलं, लेकीकडे लागते, घरी लागत नाही. डॉक्टर बाईंनी लेखणी खाली ठेवली. "घरी कुठे झोपता? खोलीत रात्री उजेड असतो का?"

माणिकबाईने सहदेवकडे पाहिलं. तीन वर्षांनी ती त्याच्याकडे सरळ पाहत होती.

डॉक्टर बाई समजावू लागल्या. टेबलावर मेंदूचं प्लास्टिकचं बाहुलं होतं, त्याचे दोन भाग उघडून त्यांनी आत बोट ठेवलं. "ही बघा, अगदी मध्यभागी. तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिनियल म्हणतात. अंधार पडला की डोळ्यांकडून हिला निरोप जातो आणि ही एक रस सोडते, मेलाटोनिन. तो रक्तात गेला की सगळ्या शरीराला कळतं, रात्र झाली, आता निजा. पण डोळ्यांवर उजेड असेल तर तो निरोपच जात नाही. ग्रंथीला वाटतं, अजून दिवसच आहे. रस रोखून धरते. पापण्या मिटल्या तरी त्यातून उजेड जातो, काका. सगळंच त्या एका दाण्यावर ढकलू नका, वयाने झोप कमी होते, काळजीनेही होते. पण तुमच्या घरी—"

"म्हंजे शेवंतीसारखं," सहदेव म्हणाला.

"काय?"

मग हर्षानेच सांगितलं, वावरातल्या बल्बांचं, खिडकीचं. डॉक्टर बाई ऐकत राहिल्या. सहदेवला अकोल्याचे मास्तर आठवत होते. त्यांनी फळ्यावर हेच तर सांगितलं होतं. झाडाला वाटतं, अजून दिवस आहे. ते त्याने एकदा ऐकलं आणि जन्माचं लक्षात ठेवलं. एक बल्ब गेला तर त्याखालच्या झाडाचं काय होतं, हे त्याला रात्री झोपेतही कळत होतं. आणि खिडकीखालच्या बाजेवर उजेड तोच पडत होता.

त्याला वाटलं, आता ती काही बोलेल. चार शिव्या देईल. ती प्लास्टिकच्या मेंदूकडे पाहत होती.

हर्षा तिला अकोल्याला घेऊन गेली. यावेळी सहदेव काही म्हणाला नाही.

तो घरी आला आणि त्याच दिवशी, उन्हं कलायच्या आत, त्याने सगळे बल्ब उतरवले. नत्थुजी बांधावरून ओरडला, "सहदेवा, डोकं फिरलं का गा? आताच काढले तं लगनाले कोणतं फूल देशीन?"

"येईन तवा येईन फूल."

"नाव बुडवशीन बाजारात!"

"बुडू दे."

मग त्याने घर हाती घेतलं. झाडं झाकायला आणलेलं काळं जाड कापड त्याच्याकडे होतं. ते त्याने खिडकीवर दुहेरी ठोकलं. माणिकबाईची बाज उचलून कणगीच्या आडोशाला ठेवली, आपली खिडकीखाली आणली. टिनाला जिथे जिथे भोकं होती तिथे चिंध्या कोंबल्या, वरून पुट्टी लावली. दाराच्या फटीला खालून गोणपाटाची गुंडाळी केली. रोज दुपारी बारा वाजता, ऊन ऐन माथ्यावर असताना, तो आत जाऊन दार लावायचा आणि डोळ्यांसमोर हात धरायचा. पहिल्या दिवशी बोटं मोजता आली. कुठून उजेड येतो ते शोधून त्याने तिथे चिंधी भरली. दुसऱ्या दिवशी हाताची नुसती सावली दिसली. आठव्या दिवशी भरदुपारी त्याला आपला हात दिसला नाही. तो तिच्या बाजेवर बसला. आपण किती सोपं काम तीन वर्षं केलं नाही, हे त्याला त्या अंधारात फार स्वच्छ दिसलं, आणि तो बराच वेळ बाहेर आला नाही.

शेवंतीने रात्र मोजली आणि कळी धरली. मार्गशीर्ष सरत आला तेव्हा अख्खा वाफा पांढरा झाला. पुढे पौष, लग्नं नाहीत; कोणाला नको त्या वेळी फूल आलं. सहदेवने पहिल्या तोड्यातलं टोपलीभर निवडून घेतलं, वर ओलं फडकं टाकलं आणि अकोल्याची गाडी धरली.

माणिकबाई मागच्या खोलीत नाही, पुढच्या खोलीत दिवाणावर बसली होती. प्लास्टर निघालं होतं. अंगावर थोडं मांस आलं होतं. डोळ्यांखालची काजळी पुसली गेली होती. सहदेवला ती दहा वर्षांपूर्वीची वाटली. हर्षाने चहा केला आणि भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

"हात कसा हाय?"

"हाय. मूठ वळत नाई पुरती." तिने टोपलीतलं एक फूल उचललं. अंगठा आणि बोट जुळत नव्हतं. फूल मांडीवर पडलं. "सुई काई धरता येत नाई आता."

"हार पार्वताबाई करन. तू चाल घरी. बल्ब काढले मी सगळे. खिडकी बुजवली, टिनाची भोकं भरली. भरदुपारी हात दिसत नाई डोळ्यासमोर, इतका अंधार केला. तुही बाज आत घेतली कणगीपाशी."

"अन् तुमची?"

"खिडकीखाली."

ती किंचित हसल्यासारखी झाली. सहदेवला धीर आला. "चाल मंग. चारची गाडी हाय."

ती पुन्हा फूल उचलायला गेली. दुसऱ्यांदाही पडलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, "मी येक लुगडं बांधलं होतं, हर्षाचे बाबा."

"चुकलं माहं."

"येकच. तेबी जुनं. मी सांगितलं तवा मी मांजर झाली. डाक्टरीन बाईनं सांगितलं तं तुमी टिनाची भोकं बुजवली." आवाज चढला नव्हता. ती भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं बोलत होती. "शिबिरातल्या मास्तरचं ऐकलं, झाडाचं ऐकलं. आता त्या दाण्याचं ऐकलं. माहं कवा ऐकलं वो?"

सहदेवने टोपलीवरचं फडकं नीट केलं.

"तुमचा राग नाई आता," ती म्हणाली. "पण त्या घरात गेली का मी जागीच राहीन. कितीबी अंधार करा. पडल्या पडल्या वाट पायत राहीन, कवा हे उठतीन अन् खिडकी उघडतीन. मले इथं झोप येते. झोपू द्या मले."

बोलता बोलता तिला थकवा आला. दुपारची वेळ. ती दिवाणावर कलंडली आणि बघता बघता तिचा डोळा लागला. तोंड थोडं उघडं पडलं आणि बारीक घोरणं सुरू झालं. खरंच, घाटात ट्रक चढावा तसं. सहदेव हसला आणि ओठ दाबून बसला. चाळीस वर्षांत तिला झोपलेलं त्याने कधी असं निवांत पाहिलं नव्हतं. ती झोपायची त्याच्यानंतर, उठायची त्याच्याआधी.

पश्चिमेच्या खिडकीचा पडदा तोकडा होता. ऊन खाली आलं तसं त्यातून एक पट्टा आत आला, फरशीवरून सरकत दिवाणाच्या कडेला लागला, मग तिच्या गालावर. पापण्या थरथरल्या. सहदेव उठला आणि खिडकीसमोर उभा राहिला. त्याची सावली तिच्या तोंडावर पडली. ऊन सरकलं तसा तोही पाऊल पाऊल सरकत राहिला. चारची गाडी गेली.

दार लोटून हर्षा आत आली तेव्हा बाप पाठमोरा उभा होता. त्याने बोट ओठांवर ठेवलं. मग गळ्यातला दुपट्टा काढला, तोच, जो तो रात्री तोंडावर घ्यायचा. त्याने दोन्ही टोकं खिडकीच्या गजांना बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. खोलीत सांज झाली. माणिकबाईने कूस बदलली, पण जागी झाली नाही.

"बाबा, थांबा ना आज," हर्षा कुजबुजली. "आई उठली का बोलतीन."

"झोपू दे तिले."

"अन् तुमचा दुपट्टा? बाहेर थंडी हाय."

"राहू दे तिथंच," सहदेव म्हणाला. "कोणी काढू नका."

चपला हातात घेऊन तो दाराबाहेर गेला, आणि जिन्यापर्यंत गेल्यावरच त्याने त्या पायात घातल्या.